आधी पाहुण्याने उतरायचं

माझा बाप उभ्या जन्मात कुणाला भ्यायला नाही, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांचं चुकत नाही. फक्त ते तेव्हा जपानात नव्हते, मी होतो.

जपानात आम्ही कसे पोचलो ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हा गडी थापा मारतोय. आमचं खेडं हिंगणीच्या अलीकडे, बोर नदीच्या अंगाला. छप्पन साली बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्याबरोबर घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. मग सिंदीच्या बाजारातून करकर वाजणाऱ्या चपला आणल्या आणि त्या घालून पाटलाच्या अंगणात गेला. मेलेलं ढोर ओढणार नाही, तहसिलीचा सांगावा घेऊन धावणार नाही, शिळं मागायला येणार नाही, असं उभ्याउभ्या सांगून परत आला. चपलांचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला म्हणतात. माय त्या दिवशी दार लावून बसली होती. मी मात्र अंगणात छाती काढून उभा होतो, जसं काही मीच सांगून आलो.

तेव्हापासून बा भाषणं करू लागला. सेलूला, देवळीला, वर्ध्याला, जिथे चार माणसं जमतील तिथे. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण उभा राहिला की लोक हलत नसत. पुढे जपानातल्या एका विहाराच्या मंडळींनी बोलावणं धाडलं, की बुद्धाच्या देशातल्या नव्या बौद्धांपैकी काहींना आमच्याकडे पाठवा, खर्च आमचा. नागपूरच्या लोकांनी निवडलेल्या मूठभर माणसांत बा होता. मी मॅट्रिक झालो होतो आणि मला इंग्रजी येतं असा समज होता, म्हणून शेपटासारखा मीही चिकटलो.

कलकत्त्याहून जहाज. त्या जहाजात बसून बसून बाचा उजवा गुडघा धरला. तो गुडघा आधीच कामातून गेलेला होता. गावकीचा सांगावा घेऊन पावसापाण्यात कोस कोस धावणं काही फुकट होत नाही. जपानात उतरलो तेव्हा तो नारळाएवढा सुजला होता.

तिकडे मात्र आमचं जे स्वागत झालं, ते आमच्या खानदानात कुणाचं झालं नसेल. आम्ही बुद्धाच्या देशातले. म्हाताऱ्या बाया वाकून बाच्या धोतराचा सोगा कपाळाला लावायच्या. पहिल्यांदा लावला तेव्हा बा असा दचकून मागे सरला की मागच्या कुंडीवर पडता पडता वाचला. पुढे सरावला. पुढे पुढे तर सोगा जरा पुढे करूनच उभा राहतो, असं मी चिडवायचो, आणि तो माझ्यावर डोळे वटारायचा. गावोगावी सभा व्हायच्या. बा बोलायचा, मी त्याचं तोडकंमोडकं इंग्रजी करायचो, आणि आमच्यासोबत दिलेला एक तरुण मास्तर त्याचं जपानी करायचा. माझं इंग्रजी देवळीच्या शाळेतलं, त्याचं अमेरिकन शिपायांच्या छावणीतलं. मधे काय काय गळून पडत असेल ते बुद्धालाच ठाऊक. बा शेवटी नेहमी एकच म्हणायचा, “आता आमी कोणाहून कमी नाई.” तेवढं वाक्य मला इंग्रजीत पाठ झालं होतं.

शेवटची मोठी सभा एका टेकडीवरच्या विहारात होती. पायऱ्या पाहिल्या आणि बाने माझ्याकडे पाहिलं. मंडळी म्हणाली, आम्ही पाठुंगळीला मारून नेऊ. बा म्हणाला, “मेलो तं न्या.” तेव्हा मास्तराने उपाय काढला. डोंगरात एक तळं आहे, तळ्याकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे लोक सांधे सोडवायला जाऊन राहतात. दोन-तीन दिवस त्या पाण्यात बसलं की म्हातारे धावायला लागतात. बाकीची मंडळी शहर पाहायला गेली आणि आम्ही बाप-लेक मास्तराबरोबर बसने डोंगरात गेलो.

असली जागा मी पुन्हा पाहिली नाही. समोर तळं, त्याच्या पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि काठावर काळ्या लाकडाचं लांबलचक घर. घराच्या मागून आणि खालून सगळीकडून वाफ निघत होती, जणू आत कुणाच्या लग्नाचा स्वयंपाक चालला आहे. दारात घराचा मालक गुडघे टेकून बसला होता. पाठीत वाकलेला म्हातारा, बाच्याच वयाचा असेल. आम्हाला पाहून त्याने कपाळ जमिनीला लावलं. मग आमचे जोडे स्वतःच्या हाताने काढून घ्यायला लागला. बा पाय मागे घेई, म्हातारा पुढे सरके. शेवटी बा हरला.

“आपल्याकडं जोडे काढाले लावते आन् भायेरच उभं ठेवते,” बा मला हळूच म्हणाला. “इथं काढून आत तं नेते.”

आत एक मोठं दगडी टाकं होतं, आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपाएवढं. एका अंगाने बांबूच्या नळीतून झऱ्याचं ऊन पाणी सारखं पडत असे. दुसऱ्या अंगाला दगडाला खाच होती, तिच्यातून भरून वाहिलेलं पाणी चरातून बाहेर तळ्याकडे जाई. रीत अशी होती, की टाक्याबाहेर लाकडी स्टुलावर बसायचं, छोट्या बादलीने अंग साबण लावून स्वच्छ धुवायचं, आणि मग टाक्यात उतरून गळ्यापर्यंत बसून राहायचं. सगळ्यांनी एकाच पाण्यात. घरात राहणारे पाहुणे, गावातले शेतकरी, तळ्यातले मासे धरणारे कोळी, सगळे एकत्र. आणि अंगावर चिंधी नाही.

बाने लंगोट सोडला नाही. “मले मारून टाका, पण लंगोट नाई सोडत,” म्हणाला. मास्तराने ते कसं सांगितलं कोण जाणे, पण सगळे हसले आणि त्यांनी चालवून घेतलं. मीही टॉवेल घट्ट धरूनच उतरलो. पाण्यात पाय घालताना मीसुद्धा एकदा आजूबाजूला पाहिलंच. शिकलेला होतो, शहाणा होतो, तरी पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मग गळ्यापर्यंत बसलो आणि हाडाहाडातून जे सुख निघालं, ते कुणाला सांगावं म्हणून वळलो, तर बा स्टुलावरून उठून अंग पुसत होता.

“झालं आंग धुनं,” तो म्हणाला आणि खोलीत निघून गेला.

मी मागोमाग गेलो. “बा, आत काऊन नाई उतरला? गुडघ्यासाठी आलो ना आपन?”

“बादलीतलं बी ऊनच होतं,” बा म्हणाला. “बरं वाटलं. उद्या पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बा अंथरुणात नव्हता. टाक्यावर पाहिलं, तिथे नाही. शेवटी बाहेर गेलो. थंडी अशी की नाक गळून पडावं. तळ्याच्या बाजूला, जिथे तो चर घराखालून बाहेर निघतो, तिथे एका दगडावर घोंगडं पांघरून माझा बाप बसला होता. धोतर मांडीपर्यंत वर खोचलेलं आणि सुजलेला गुडघा त्या वाहत्या पाण्याखाली. चेहऱ्यावर असं समाधान की विचारू नका.

“ये, ये,” म्हणाला. “टाक पाय. कसं ऊन ऊन येऊन राह्यलं पाह्य.”

मला एकदम आठवलं. आमच्याकडेही दूर जंगलात एका ठिकाणी गरम पाण्याचं कुंड आहे. मी लहान असताना बा पाटलाची गाडी घेऊन तिथे गेला होता. पाटलाच्या घरची माणसं कुंडात आंघोळी करून आली आणि बा लांब झाडाखाली बैलं राखत बसला. परत आल्यावर मोठ्या कौतुकाने सांगत होता, की कुंडाचं पाणी जिथून वाहून जाते ना, तिथं मी बी पाय बुडवले, कोणी काही म्हटलं नाई. तेव्हा मलाही ते कौतुकाचंच वाटलं होतं.

आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बा, हे पानी वरून लोकाइच्या आंगावरून येते!”

“मंग?” बा शांतपणे म्हणाला. “आपल्याले वरचं कवा भेटलं?”

“भाषणात तं म्हणतं, आमी कोणाहून कमी नाई. मी बोंबलून बोंबलून इंग्रजी करतो त्याचं!”

“भाषण तोंडानं होते बाबू,” बा म्हणाला. “पान्यात आंग घालावं लागते.” मग, माझ्याकडे न बघता, “म्या काल पाय उचललाच होता. उतरूनच राह्यलो होतो. थो पायच गेला नाई पुढं. माह्या हातात नाई रे थे.”

पाटलाच्या अंगणात चपला वाजवत गेलेला हा माणूस. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त कशाचा तरी राग आला होता, ज्याच्यापर्यंत तिथे माझा हात पोचत नव्हता. मी त्याच्या बाजूला बसलो. पाय टाकला नाही, पण बसलो.

तेवढ्यात घराच्या मालकाने आम्हाला पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात तो सरपण घ्यायला आला असावा. हातातली लाकडं टाकून अनवाणी धावत आला आणि त्या ओल्या दगडांवर गुडघे टेकून काहीतरी भराभर बोलायला लागला. मी धावत जाऊन मास्तराला उठवलं.

मास्तर ऐकून घेऊन मला म्हणाला, “ते विचारतात, टाकं घाण वाटलं का? त्यांच्या घराकडून फार मोठा अपमान झाला म्हणतात. बुद्धाच्या देशातला पाहुणा त्यांच्या मोरीवर येऊन बसला.”

“नाही नाही,” मी म्हणालो. “टाकं फार चांगलं आहे.”

“मग ते पाण्यात का आले नाहीत?”

मी बाकडे पाहिलं. बाने मान हलवली. मी म्हणालो, “त्यांना मोकळी हवा आवडते.” इतकं बिनडोक उत्तर मी परीक्षेतसुद्धा दिलं नव्हतं.

म्हाताऱ्याचा अर्थातच विश्वास बसला नाही. त्याने सगळं टाकं रिकामं करायला लावलं. मोठ्या खराट्यांनी त्याची माणसं दगड घासत होती आणि त्यांच्यात तो स्वतः होता, वाकलेल्या पाठीने, कोपऱ्या-कोपऱ्यात हात घालून. खराट्यांचा आवाज आमच्या खोलीत येत होता. बा भिंतीला टेकून बसला होता. “नोको म्हना त्याले,” सारखं म्हणे. मी दोनदा जाऊन नको म्हणून आलो. जितकं नको म्हणावं तितका म्हातारा जोराने घासत होता.

टाकं पुन्हा भरायला दुपार कलली. तोवर गावात बातमी पसरली होती. रोज आंघोळीला येणारी माणसं आली, त्यांच्यामागे इतरही आली. सगळीजणं कपडे काढून, खांद्यावर पंचे टाकून, टाक्याच्या कडेला रांगेने बसली. कुणीही पाण्याला शिवलं नव्हतं. मास्तराने मला समजावलं, की तिकडे ताज्या पाण्यात आधी पाहुण्याने उतरायचं असतं, घरच्यांनी मागून. आणि हा पाहुणा तर बुद्धाच्या देशातला. त्याच्यानंतर त्याच पाण्यात आपल्याला बसायला मिळावं, एवढ्यासाठी ही सगळी आलीत.

मी ते बाला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं.

“त्याइले म्हन, तुमचं होऊ द्या अगुदर,” तो म्हणाला. “मी मांगून येतो. सगळ्याइच्या मांगून.”

मी सांगितलं. मास्तर हसला, म्हाताऱ्याला सांगितलं, म्हातारा हसला आणि वाकला. नाही नाही, आधी तुम्ही. बा म्हणाला, नाई नाई, अगुदर तुमी. पुन्हा ते वाकले. लखनौच्या ‘पहले आप’वाल्या नवाबांची गोष्ट आपण हसत हसत सांगतो ना, तसंच चाललं होतं. त्यांना वाटत होतं पाहुणा मर्यादशील आहे. ते आणखी आदराने वाकत होते. बा आणखी मागे सरत होता. आणि मधे मी उभा, दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवणारा. एकालाही दुसऱ्याचं काही कळत नव्हतं आणि ते कळवण्याची ताकद त्या क्षणी जगात फक्त माझ्याकडे होती.

“बा,” मी म्हणालो, “मी सांगून टाकतो त्याइले. खरं काय थे.”

बाने माझं मनगट असं पकडलं की बोटं रुतली. “नोको सांगू. इथं कोणाले माहीत नाई.” मग हळू आवाजात म्हणाला, “अख्ख्या दुनियेत एवढा एक मुलूख राहू दे.”

न सांगावं तर ही भली माणसं थंडीत कुडकुडत बसलेली आणि माझा बाप त्यांच्या नजरेत अडेलतट्टू ठरणार. सांगावं तर जे आम्ही समुद्रापलीकडे टाकून आलो होतो, ते मीच माझ्या तोंडाने इथे आणून ठेवणार. माझ्या मॅट्रिकने मला याचं उत्तर शिकवलं नव्हतं. रडू येत होतं, खोटं कशाला बोलू.

रांगेत एक फार म्हातारा माणूस होता, काडीसारखा. त्याला खोकला आला. थांबेना. शेजारच्याने आपला पंचा त्याच्या पाठीवर टाकला, तरी तो थरथरत होता, पण उठून पाण्यात जाईना. बाने त्याच्याकडे पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

“आपल्यापायी म्हातारा मरन बे,” तो म्हणाला, आणि माझं मनगट सोडून पुढे गेला.

स्टुलावर बसून त्याने अंग धुतलं. इतकं धुतलं, इतकं घासलं, की पाठ लाल झाली. मग काठावर उभा राहिला. ओठ हलत होते. कदाचित ‘बुद्धं सरणं’ म्हणत असेल, कदाचित मायची आठवण काढत असेल, मी विचारलं नाही. आधी चांगला पाय घातला, मग दुखरा. “बाप्पा,” म्हणाला, “काय ऊन हाये!” आणि बसला. कुठे बसला, तर त्या खाचेजवळ, जिथून पाणी बाहेर जातं तिथे. एवढ्या मोठ्या टाक्यात त्याने ती जागा काढली. त्याला लागलेलं पाणी कुणाच्या अंगाला न लागता निघून जावं म्हणून. ते तिथे फक्त मला कळलं.

मग सगळे उतरले. त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला दोघांनी धरून आणलं. मीही उतरलो आणि बापासून दोन हातांवर बसलो. जरा वेळ सगळं छान होतं. समोर तळं दिसत होतं. बाने हळूहळू डोळे मिटले, खांदे खाली आले. मला वाटलं, सुटलो.

घराचा मालक पाण्यातून गुडघ्यांवर सरकत बाजवळ आला. बाच्या छातीसमोरचं पाणी त्याने ओंजळीत घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर घातलं. पुन्हा घेतलं, डोळ्यांना लावलं. त्याच्यामागे दुसरा आला. त्याने खोकणाऱ्या म्हाताऱ्यासाठी ओंजळ भरून नेली आणि त्याच्या टाळूवर थापली, आपण तेल थापतो तशी.

बाने डोळे उघडले.

त्याने जो आवाज काढला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. “नोको! नोको, बाबा, नोको!” मालकाची ओंजळ पुन्हा भरली होती. बाने त्याची दोन्ही मनगटं धरली आणि ते पाणी खाली पाडलं. “डोक्याले नोको लावू! अबे, त्याले सांग ना! सांग ना त्याले!”

मी काय सांगणार होतो? कोणत्या शब्दांत? गळ्याइतक्या पाण्यात तोंड उघडं टाकून नुसता बसून राहिलो. मालकाला वाटलं पाहुणा आशीर्वाद देतोय. त्याने बाचे दोन्ही हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवले आणि वरून स्वतःचे हात दाबून धरले. बाला हात सोडवता येईनात. तसाच, दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून, माझा बाप लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. ते पाहून बाकीच्यांनी हात जोडले. काहींचे डोळे भरून आले.

“तुमच्या वडिलांची श्रद्धा फार मोठी आहे,” मास्तर माझ्या कानाशी म्हणाला.

मी हो म्हणालो.

त्या रात्री बा जेवला नाही. पण सकाळी उठला तो सरळ उठला. गुडघा उतरला होता. खोलीतल्या खोलीत दोन चकरा मारून पाहिल्या, मग माझ्यासमोर येऊन बसला.

“सांग त्याइले,” म्हणाला.

“काय?”

“खरं काय थे.”

“कालच तं नोको म्हणत होता. एवढा एक मुलूख राहू दे म्हणे.”

“तवा पान्यात उतरलो नवतो,” बा म्हणाला. “आता त्यानं डोक्याले लावलं. डोयाले लावलं. न सांगता निंगून गेलो तं चोरून नेल्यावानी होते. मले चोरीचा मान नाई पायजे.”

“आन् मंग त्याइनं तोंड फिरवलं तं?”

“फिरवू दे. आपल्याले काय नवीन हाये.”

निघायची वेळ झाली होती. म्हातारा मालक दारात गुडघे टेकून बसला होता. आमचे जोडे त्याने शेगडीजवळ ठेवून गरम केले होते. मास्तर बाहेर बसची वाट पाहत होता, त्याला आत बोलावलं. बा मालकासमोर जमिनीवर बसला, मांडी घालता येत होती म्हणून मांडी घालून. आणि मी माझ्या त्या देवळीच्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आमच्या गावात माझ्या वडिलांनी विहिरीला हात लावला तर लोक ते पाणी पीत नाहीत. त्यांच्या हातचं काही खात नाहीत. त्यांची सावलीसुद्धा पूर्वी चालत नसे. म्हणून ते काल पाण्यात उतरत नव्हते. तुम्ही ते पाणी डोक्याला लावलंत, पण तुम्हाला हे माहीत नव्हतं. ते म्हणतात, तुम्हाला माहीत असायला पाहिजे.

मास्तर गोंधळला. “त्यांना काही रोग आहे का?”

“नाही.”

“पूर्वी काही गुन्हा केला होता?”

“नाही.”

जपानातही असे दूर ठेवलेले लोक होते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. मास्तराला ते ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही. त्याने खाली पाहत, थांबत थांबत, म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. बा म्हाताऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. मी बाच्या तोंडाकडे.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग पुढे सरकून बाचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, वैद्याने पाहावा तसा. त्यात काही दिसलं नसावं. त्याने मान वर करून एवढासा एक शब्द विचारला.

“ते विचारतात, का?” मास्तर म्हणाला.

“बा,” मी म्हणालो, “थो इचारते, काऊन?”

बाने तोंड उघडलं. याच्यावर त्याने सेलूला, देवळीला, वर्ध्याला तास तास भाषणं केली होती. पोथ्या काढल्या होत्या, देव काढले होते, मनूला शिव्या घातल्या होत्या. माणसं रडवली होती, हसवली होती. आता समोर एक म्हातारा त्याचा हात धरून बसला होता आणि खरोखरच माहीत नाही म्हणून विचारत होता. बाने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. बाहेर बसचा भोंगा वाजला.

“त्याले सांग,” बा म्हणाला, “मले बी नाई माहीत.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. मास्तराने जपानीत सांगितलं. म्हाताऱ्याला वाटलं, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना काहीतरी राहून गेलं असणार. त्याने बाचा हात न सोडता पुन्हा तेच विचारलं.